वाढ कोणती? – कांहीं इंग्रजी शब्दांवरून एक धडा

वाचनासाठीं शास्त्रभाग : मार्क ४:२६–२९, प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७, १ करिंथ ३:५–९.

वर्ष संपत आलें म्हणजे खेडोपाडींच्या आमच्या उपदेशक बंधूंस मंडळीचा वार्षिक अहवाल लिहावा लागतो. कागदावर रकाने पाडलेले असतात, आणि पुष्कळदां त्यांपैकीं एका रकान्याच्या डोक्यावर ‘ग्रोथ’ हा इंग्रजी शब्द असतो. आमचा बंधु त्याखालीं काय लिहितो? गतवर्षीं कुटुंबें इतकीं, यंदा इतकीं, बाप्तिस्मे इतके, वर्गणी इतकी. आंकडा मोठा असला तर लेखणी झरझर चालते. आंकडा लहान असला तर हात जड होतो. आणि ज्या गांवीं एकहि नवें माणूस आलें नाहीं तेथें ‘कांहीं नाहीं’ असें लिहून तो मान खालीं घालतो. परंतु त्याच गांवीं त्याच वर्षीं दोन भावांचा बांधावरचा जुना तंटा मिटला असेल, एका घरांतून दारू गेली असेल, एका वृद्ध बाईनें अक्षरें गिरवून शुभवर्तमान वाचावयास आरंभ केला असेल. ही वाढ नव्हे काय? आणि असेल तर ती त्या रकान्यांत कां बसत नाहीं?

शब्द हें एक प्रकारचें मापच आहे. माप चुकीचें हातीं आलें तर भरलेली कणगीहि रिकामी दिसते. इंग्रजी भाषेंत वाढीसंबंधीं एक नव्हे तर अनेक शब्द आहेत, व प्रत्येकाचें माप निराळें आहे. आमचे पुष्कळ वाचक इंग्रजी टीकाग्रंथांचा उपयोग करतात, त्यांचीं मुलें इंग्रजी शिकतात, आणि दवाखान्यांतून व कचेरींतून त्यांच्या घरीं इंग्रजी कागद येतात. म्हणून या पाठांत त्या शब्दांचे अर्थ व उपयोग क्रमानें पाहावे, आणि शेवटीं पवित्र शास्त्राच्या उजेडांत तो अहवालाचा रकाना पुन्हां एकदां वाचावा, असें आम्हीं योजिलें आहे.

१. आरंभ आपल्याच शब्दापासून

परक्याच्या घरांत शिरण्यापूर्वीं आपल्या अंगणांत पाहूं. ‘वाढणें’ हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. मूल वाढतें, जोंधळा वाढतो, कर्ज वाढतें, ओढ्याचें पाणी वाढतें. तोच शब्द घेऊन आई पानावर बसलेल्या मुलांस भाकरी वाढते. आपले शेजारी देवापुढें नारळ ‘वाढवितात’, म्हणजे तो फोडतात. सुवासिनीच्या हातांतील बांगडी फुटली तर तें अशुभ बोलूं नये म्हणून ती ‘वाढली’ असें म्हणतात. आणि ‘वाढीदिढी’ हा शब्द ज्यास ठाऊक नाहीं असा जुना शेतकरी कोठें सांपडेल? पेरणीच्या वेळीं एक मण धान्य उसनें आणावें आणि सुगीस दीड मण परत घालावें, ही ती वाढी.

आतां एखाद्या परदेशी मनुष्यानें कोश उघडून ‘नारळ वाढविला’ याचा अर्थ ‘नारळ मोठा केला’ असा लावला, तर आपण पोट धरून हसूं. पण इंग्रजी वाचतांना आपणहि त्याच खड्ड्यांत पडतों, आणि तेव्हां हांक मारून सावध करणारें कोणी जवळ नसतें. म्हणून शब्दाचा एकच अर्थ धरून बसूं नये. तो कोणाच्या संगतींत बसला आहे तें आधीं पाहावें.

२. ‘ग्रो’ : मातींतला शब्द

‘ग्रो’ हा इंग्रजीतील फार जुना शब्द आहे. ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा आणि ‘ग्रास’ म्हणजे गवत, हे शब्द ज्या मुळापासून निघाले त्याच मुळाचा हा फांटा आहे. प्राचीन इंग्रजीत तो मुख्यत्वें झाडाझुडपांविषयींच योजीत असत. त्यामुळें आजहि त्याला मातीचा वास आहे. आंतून होणारी, हळूहळू होणारी, जिवंत वस्तूची वाढ, हा त्याचा मूळ भाव होय. विटांचा ढीग घालून भिंत उंच होते. बीं मात्र आपल्या आंतल्या जिवानें उंच होतें.

या शब्दाच्या चार तऱ्हा ध्यानांत ठेवाव्या.

पहिली तऱ्हा सरळ आहे. रोप ‘ग्रो’ होतें, मूल ‘ग्रो’ होतें. कर्ता आपणच वाढतो.

दुसऱ्या तऱ्हेंत कर्ता दुसऱ्यास वाढवितो. शेतकरी भात ‘ग्रो’ करतो, म्हणजे भात पिकवितो. पण येथें एक कुंपण आहे. ही तऱ्हा पिकांस, फुलांस, भाजीपाल्यास चालते. माणूस आपली दाढी किंवा केंसहि ‘ग्रो’ करतो. परंतु मुलांस ती चालत नाहीं. मुलें वाढविण्यास ‘ब्रिंग अप’ किंवा ‘रेझ’ म्हणावें, व गुरें पाळून वाढविण्यासहि ‘रेझ’ म्हणावें. एखाद्या विद्यार्थ्यानें ‘माझ्या बापानें चार मुलें ग्रो केलीं’ असें इंग्रजीत लिहिलें, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें चार मुलें वाफ्यांत ओळीनें लावलेलीं दिसतील.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी आहे. ‘ग्रो’ या शब्दापुढें गुणवाचक शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ ‘वाढणें’ राहत नाहीं, ‘होत जाणें’ असा होतो. ‘ग्रो ओल्ड’ म्हणजे म्हातारें होणें, ‘ग्रो वीक’ म्हणजे अशक्त होत जाणें, ‘ग्रो डार्क’ म्हणजे अंधार पडत जाणें. इतकेंच नव्हे, तर लहान होत जाण्यासहि ‘ग्रो स्मॉलर’ म्हणतात! म्हणजे वाढीचा शब्द येथें घटीच्या चाकरीस लागला. मत्तय २४:१२ येथें प्रभु सांगतो कीं अनीति फार झाल्यामुळें पुष्कळांची प्रीति थंडावेल. तेथें विसाव्या शतकांतील एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत ‘ग्रो कोल्ड’ असे शब्द आहेत. ‘ग्रो’ दिसला म्हणून तेथें प्रीतीची वाढ शोधूं लागणारा उपदेशक शास्त्राच्या अगदीं उलट उपदेश करील.

चौथी तऱ्हा लहान शब्दांच्या जोडीनें होते. ‘ग्रो अप’ म्हणजे वयांत येणें, बालपण सोडून प्रौढ होणें. ‘ग्रो आउट ऑफ’ म्हणजे वाढल्यामुळें एखादी वस्तु अपुरी पडणें किंवा एखादी खोड सुटणें. गेल्या नाताळांतला सदरा यंदा मुलाच्या अंगांत शिरत नाहीं, तेव्हां हेंच शब्द वापरतात. ‘ग्रो ऑन’ म्हणजे एखादी गोष्ट प्रथम न रुचतां हळूहळू आवडूं लागणें. इफिसकरांस पत्र ४:१५ वाचतांना दुसरी व तिसरी तऱ्हा बाजूस ठेवून ‘ग्रो अप’ मनांत आणावें. प्रौढ व्हावें, वाऱ्याबरोबर हेलकावणाऱ्या लेकरांसारखें राहूं नये, हा तेथील बोध आहे. आणि कित्येक जुन्या सवयी आपल्या आत्म्यास आखूड झालेल्या सदऱ्यासारख्या व्हाव्या हेंहि त्यांत आलें.

३. ‘वॅक्स’ आणि ‘इन्क्रीज’ : जुन्या इंग्रजी शास्त्रांतले दोन शब्द

ज्यांच्या घरीं १६११ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलाची प्रत आहे त्यांस ‘वॅक्स’ हा शब्द वारंवार भेटेल. मेणास जें ‘वॅक्स’ म्हणतात त्याशीं याचा संबंध नाहीं. पूर्वीं इंग्रजीत माणसांच्या, जनावरांच्या व चंद्राच्या वाढीस हाच शब्द होता. पुढें ‘ग्रो’ नें त्याची जागा घेतली. आज तो मुख्यत्वें चंद्रापुरता उरला आहे. शुक्लपक्षांतील चंद्र ‘वॅक्सिंग’ असतो. संस्कृतांत ‘वाढणें, बळकट होणें’ या अर्थाचा ‘वक्ष्’ धातु आहे, आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत वाढीस ‘औक्सानो’ म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच घराण्यांतले आहेत. २ शमुवेल ३:१ येथें दाविदाचें घराणें अधिकाधिक बळकट होत गेलें आणि शौलाचें अधिकाधिक दुर्बळ होत गेलें असें सांगितलें आहे; जुन्या इंग्रजी प्रतींत दोन्ही ठिकाणीं ‘वॅक्स’ हाच शब्द आहे. वर सांगितलेली तिसरी तऱ्हा येथेंहि लागू होते.

‘इन्क्रीज’ हा शब्द लॅटिन भाषेंतून फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजीत आला. त्याचा रोख मापाकडे व संख्येकडे असतो. किंमत, वजन, पगार, लोकसंख्या यांस ‘इन्क्रीज’ बरोबर बसतो. त्याचा उलट शब्द ‘डिक्रीज’ म्हणजे घट. ‘ग्रो’ मध्यें जीव दिसतो. ‘इन्क्रीज’ मध्यें आंकडा दिसतो. अनेक पटींनीं संख्या होते तेव्हां ‘मल्टिप्लाय’ म्हणतात, म्हणजे गुणाकार.

परंतु जुन्या इंग्रजी शास्त्रांत ‘इन्क्रीज’ चे आणखी दोन अर्थ आहेत. एक, जमिनीचें उत्पन्न. नीतिसूत्रें ३:९ येथें परमेश्वराचा सन्मान सर्व उत्पन्नाच्या प्रथमफळानें करावा असें सांगितलें आहे, तेथें उत्पन्नास ‘इन्क्रीज’ म्हटलें आहे. दुसरा अर्थ आमच्या शेतकरी वाचकांनीं लक्ष देऊन ऐकावा. लेवीय २५:३६ येथें कंगाल झालेल्या भावाकडून व्याज घेऊं नको, वाढ घेऊं नको, अशी आज्ञा आहे. आणि तेथें ‘इन्क्रीज’ म्हणजे वाढीदिढीच! मूळ इब्री भाषेंतील शब्दहि ‘अधिक होणें’ या धातूपासूनच झाला आहे. इब्री, इंग्रजी व मराठी या तिन्ही भाषांनीं व्याजास वाढ म्हणावें हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. सावकाराच्या वहींतहि वाढ असते. ती आंकड्यांनीं खरी असते, ती पाऊस पडो न पडो चुकत नाहीं. परंतु एकाच्या घरची ती वाढ दुसऱ्याच्या घरची उपासमार असते. तेव्हां जेथें जेथें वाढ आहे तेथें तेथें देवाचा आशीर्वाद आहे, असें समजूं नये.

४. फूल, गडगंजपणा, उलगडा आणि सूज

यापुढील चार शब्द थोडक्यांत सांगतों.

‘फ्लरिश’ हा शब्द लॅटिन भाषेंतील फुलाच्या शब्दापासून झाला. फुलणें, बहरणें हा त्याचा अर्थ. स्तोत्र ९२ मध्यें तो दुष्टांविषयींहि येतो आणि नीतिमानांविषयींहि येतो. दुष्ट लोक गवताप्रमाणें उगवून बहरतात, आणि नीतिमान खजुरीच्या झाडाप्रमाणें बहरतो. मूळ इब्रीतहि दोन्ही ठिकाणीं एकच क्रियापद आहे. बहर दोघांसहि येतो. फरक मुळांत आहे. पहिल्या पावसानें माळावर गवत एका आठवड्यांत उठतें, आणि दिवाळीनंतर तेंच माळरान पहा! नीतिमान म्हातारपणींहि फळ देतो असें तें स्तोत्र सांगतें.

‘थ्राइव्ह’ म्हणजे जोमानें वाढणें, भरभराट होणें. काटकसरीस इंग्रजीत ‘थ्रिफ्ट’ म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज आहे. ज्याच्या घरीं काटकसर त्याच्या घरीं भरभराट, हें त्या भाषेनें आपल्या पोटांत जपून ठेविलें आहे. लग्नांत कर्ज काढून मांडव घालणाऱ्यांनीं या दोन शब्दांचें नातें विसरूं नये.

‘डेव्हलप’ हा शब्द १६११ च्या इंग्रजी शास्त्रांत नाहीं. तो फ्रेंच भाषेंतून त्यानंतर आला. गुंडाळलेलें उलगडणें हा त्याचा मूळ अर्थ. आंत जें आहे तें बाहेर येणें, म्हणून विकास. पण याचाहि एक फसवा उपयोग आहे. एखाद्यास ताप ‘डेव्हलप’ झाला असें वाचलें तर तापाची प्रगति झाली असें समजूं नये. ताप आला इतकाच त्याचा अर्थ.

‘स्वेल’ म्हणजे फुगणें, सुजणें. पाय सुजला तर तो मोठा दिसतो, पण तो वाढला असें कोणी म्हणत नाहीं. १ करिंथ ८:१ येथें पौल दाखवितो कीं नुसतें ज्ञान माणसास फुगवितें, आणि प्रीति त्याची उभारणी करते. मूळ ग्रीक शब्दाचा भाव भात्यानें हवा भरल्यासारखा आहे. सूज आणि वाढ यांत लांबीरुंदीचा फरक नसतो. दाबून पाहिल्यावरच तो कळतो. मंडळीवर दुःखाचें बोट पडतें तेव्हां तिच्यांत मांस किती आणि हवा किती तें दिसून येतें.

५. दवाखान्याच्या कागदावरील ‘ग्रोथ’

येथें क्षणभर थांबून एक व्यवहाराची सूचना करतों, कारण हिच्या अज्ञानानें जीवहि जाऊं शकतो. वैद्यकीय कागदावर शरीराच्या एखाद्या भागाच्या नांवाबरोबर ‘ग्रोथ’ हा शब्द आला, तर त्याचा अर्थ गांठ किंवा नको तेथें वाढलेलें मांस असा होतो. समजा, एका बाईच्या पोटाच्या तपासणीनंतर असा कागद घरीं आला, आणि दोन इयत्ता इंग्रजी शिकलेल्या मुलानें ‘आईची वाढ होत आहे’ असें सांगितलें. घरचे समाधान पावतील, कागद पेटींत जाईल, आणि मोलाचे दिवस निघून जातील. अशी प्रत्येक गांठ कर्करोगाचीच असते असें नाहीं, परंतु ती कोणती आहे तें डॉक्टरांनींच तपासून ठरवावें लागतें. म्हणून उशीर करूं नये.

याच्या उलट, लघवी किंवा रक्त यांत जंतु आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं तें कांहीं दिवस ठेवून तपासतात, त्या कागदावर ‘नो ग्रोथ’ असें आलें तर घाबरूं नये. त्या तपासणींत जंतु वाढले नाहींत, असा त्याचा अर्थ आहे. आणि लहान मुलाच्या कागदावर ‘फेलर टू थ्राइव्ह’ असे शब्द आले तर मूल वयाच्या मानानें वजन धरीत नाहीं असें समजून त्याच्या आहाराकडे व दुखण्याकडे लगेच लक्ष द्यावें. अंगणवाडींत मुलाचें वजन करून वाढीच्या तक्त्यावर टिंबें देतात. उपदेशकांनीं व बायबलबायांनीं आयांस तो तक्ता वाचावयास शिकविणें ही मोठी सेवा आहे.

पहा, एकाच शब्दानें एका कागदावर धोका सांगितला, आणि त्याच्याच नकारानें दुसऱ्या कागदावर सुवार्ता सांगितली. वाढ चांगली कीं वाईट हें काय वाढत आहे यावर अवलंबून असतें.

६. ‘चर्च ग्रोथ’ : मंडळीची वाढ

आतां आपण आरंभींच्या रकान्याकडे वळूं. ‘चर्च ग्रोथ’ ही शब्दजोडी विसाव्या शतकांत ज्यांच्या लिखाणामुळें सर्वत्र पसरली ते डोनाल्ड मॅक्गॅव्हरन आपल्याच देशांत, दमोह येथें, १८९७ सालीं जन्मले, आणि मध्यप्रांतांत त्यांनीं पुष्कळ वर्षें मिशनचें काम केलें. त्यांच्या आधीं बिशप पिकेट यांनीं हिंदुस्थानांतील सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास करून १९३३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्या विचारांतून मॅक्गॅव्हरन यांस प्रश्न पडला कीं, कांहीं ठिकाणीं मंडळ्या वाढतात आणि शेजारच्याच ठिकाणीं वाढत नाहींत, याचें कारण काय? त्यांचीं ‘ब्रिजेस ऑफ गॉड’ व ‘अंडरस्टँडिंग चर्च ग्रोथ’ हीं पुस्तकें अनुक्रमें १९५५ व १९७० सालीं निघालीं. केवळ गोड शब्दांनीं अहवाल भरूं नयेत, प्रामाणिकपणें मोजावें, हा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह आम्ही चुकीचा मानीत नाहीं. प्रभूच्या दृष्टांतांतील मेंढपाळानेंहि मोजणी केली, म्हणूनच शंभरांतलें एक हरवल्याचें त्यास कळलें. परंतु त्यानें कशासाठीं मोजलें तें पहावें. नव्याण्णवांची फुशारकी सांगण्यासाठीं नव्हे, तर न दिसणाऱ्या एकासाठीं. ज्या मोजणीनें गैरहजर भाऊ आठवतो ती मोजणी मेंढपाळाची. जिनें केवळ मोजणाऱ्याचें नांव होतें ती सावकाराची.

पुढें इंग्रजीत ‘ग्रो’ चा आणखी एक उपयोग बोकाळला. विसाव्या शतकाच्या अखेरीस लोक ‘धंदा ग्रो करणें’ असें म्हणूं लागले, आणि कित्येक भाषाभिज्ञांनीं त्याविषयीं नाक मुरडलें. धंद्यामागून मंडळीहि ‘ग्रो करणें’ आलें. व्याकरणाचा वाद व्याकरणकार जाणोत. आमची हरकत निराळी आहे. मंडळी वाढविणारा मी, हा भाव त्या वाक्यरचनेंत सहज शिरतो. भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यासहि ही भाषा इंग्रजीनें दिली खरी. पण मार्काच्या चौथ्या अध्यायांतील शेतकरी बीं टाकतो, निजतो, उठतो, आणि तें कसें रुजतें व वाढतें तें त्यास कळतहि नाहीं. भूमि आपण होऊनच पीक देते. आधीं अंकुर, मग कणीस, मग कणसांत भरलेला दाणा. ज्यानें रात्रीं उठून पोटऱ्यांतील कणसें ओढून बाहेर काढलीं त्याचें शेत सकाळीं उंच दिसेल, आणि संध्याकाळीं वाळेल.

पौलाचें वचन (१ करिंथ ३:६) याच जागीं उपयोगी पडतें. तेथें जुन्या इंग्रजी प्रतींत ‘इन्क्रीज’ शब्द आहे. १९४६ सालीं निघालेल्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांत ‘ग्रोथ’ आहे. ग्रीकांत तोच ‘औक्सानो’ आहे. परंतु मूळ भाषेंत आणखी एक बारकावा आहे तो भाषांतरांत दिसत नाहीं. पौलाचें लावणें व अपुल्लोसाचें पाणी घालणें यांचीं क्रियापदें एकदां होऊन गेलेल्या क्रियेचीं आहेत. देवाच्या वाढविण्याचें क्रियापद मात्र चालूं राहिलेल्या क्रियेचें आहे. पौल लावून निघून गेला, अपुल्लोस पाणी घालून निघून गेला, देव वाढवीतच राहिला. ज्या उपदेशकाची एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बदली होते, आणि ज्यास आपल्या पेरणीची कापणी कधींच पाहावयास मिळत नाहीं, त्यानें हें क्रियापद उराशीं धरावें.

७. संख्या वाढली आणि ताटें रिकामीं राहिलीं

शेवटीं प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडूं. पहिल्या ओवींतच शिष्यांची संख्या वाढत असल्याचें सांगितलें आहे. अहवालाचा रकाना भरून वाहत होता! पण त्याच ओवींत कुरकुर ऐकूं येते. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या अन्नाच्या वांटणींत दुर्लक्ष होत होतें. आपल्या मराठीच्या दृष्टीनें पाहिलें तर ही गोष्ट किती नेमकी आहे! मंडळी वाढली, परंतु विधवांच्या पानांत कोणी वाढीना. पहिलें वाढणें झालें आणि दुसरें वाढणें राहिलें.

प्रेषितांनीं काय केलें? संख्या मोठी आहे, चार विधवांचें काय, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. सर्व शिष्यांस बोलावून त्यांनीं सात माणसें निवडविलीं, तीं आत्म्यानें व ज्ञानानें पूर्ण असावीं असें सांगितलें, आणि पंगतीच्या सेवेचें काम त्यांस नेमून दिलें. त्या सातांचीं नांवें ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हातीं वाढप दिलें असें दिसतें. मग सातव्या ओवींत काय झालें? देवाचें वचन वाढत गेलें, आणि यरुशलेमांत शिष्यांची संख्या फार झाली. येथें लूक दोन निरनिराळे शब्द वापरतो. वचनासाठीं ‘औक्सानो’, म्हणजे रोपट्याप्रमाणें वाढणें. संख्येसाठीं गुणाकाराचा शब्द. जुन्या इंग्रजी प्रतीनेंहि ‘इन्क्रीज’ व ‘मल्टिप्लाय’ असे दोन शब्द ठेविले आहेत. आधीं पानांत वाढलें गेलें, मग वचन वाढलें, मग संख्या वाढली. हा क्रम मोडूं नये.

यावरून, प्रिय बंधुभगिनींनो, आम्ही असें सुचवितों. यंदाचा अहवाल लिहितांना संख्येच्या रकान्यांत संख्याच लिहावी, एकानें अधिक नाहीं व एकानें उणी नाहीं. तेथें खोटें लिहिणें ही सूज होय. परंतु ‘ग्रोथ’ या शब्दाखालीं आंकडा लिहून लगेच पान उलटूं नये. कोणाचा राग उतरला, कोणाचें कर्ज फिटलें, कोणती सासू सुनेस लेकीप्रमाणें वागवूं लागली, कोणत्या विधवेच्या घरीं मंडळीनें धान्य पोंचविलें, कोणतें मूल शाळेंत टिकलें, हेंहि लिहावें. वरच्या कचेरींत हें वाचावयास रकाना नसेल, तर कागदाच्या पाठीवर लिहावें. आणि ज्या गांवीं संख्या घटली, पोटापाण्यासाठीं कुटुंबें शहरांत गेलीं, तेथील उपदेशकानें मान खालीं घालूं नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या भोंवतालचे लोक कमी होऊं लागले, तेव्हां प्रभूची वृद्धि व आपली घट व्हावी यांतच त्यानें आपला आनंद मानला (योहान ३:२९–३०). तेथेंहि वाढीचा तोच ग्रीक शब्द आहे.

आपला प्रभु स्वतः नासरेथांत वाढला. लूकाच्या दुसऱ्या अध्यायांत प्रथम त्या बाळाच्या शरीराच्या व बळाच्या वाढीचें वर्णन आहे, आणि शेवटच्या ओवींत तो ज्ञानानें, शरीरानें व देवाच्या आणि मनुष्यांच्या कृपेंत पुढें जात होता असें सांगितलें आहे. तीस वर्षें ती वाढ कोणत्याहि रकान्यांत लिहिली गेली नाहीं. सुताराच्या घरांत, घरच्यांच्या सहवासांत, ती शांतपणें होत होती. आणि पुढें जेव्हां तो प्रगट झाला तेव्हां त्यानें काय केलें? अरण्यांत भुकेल्या लोकांस गवतावर बसविलें, भाकरी मोडली, आणि शिष्यांच्या हातीं देऊन त्यांस वाढावयास लाविलें.

मनन करण्याजोगे प्रश्न

१. ‘ग्रो’ या शब्दाच्या चार तऱ्हा कोणत्या? प्रत्येकीचें एक उदाहरण आपल्या शेतांतून किंवा घरांतून द्या.

२. लेवीय २५:३५–३७ वाचा. कोणती वाढ देवास नापसंत आहे? आपल्या गांवीं ती आज कोणत्या रूपानें दिसते?

३. सूज व वाढ यांतील भेद आपल्या मंडळीच्या जीवनांत कसा ओळखावा?

४. प्रेषितांचीं कृत्यें ६:१ व ६:७ शेजारीं ठेवून वाचा. मधल्या पांच ओव्यांत काय घडलें?

५. येत्या रविवारीं उपासना सुटल्यावर मंडळीच्या यादींत नव्हे, तर मंडळीच्या पंगतींत कोण दिसत नाहीं तें मोजा. आणि सोमवारीं त्याच्या घरीं जा.